हमरापूरची शेड, धाटावचं गेट आणि बाईचं मन

हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे. पेण तालुक्यातल्या या गावांत वर्षभर गणपती घडतात. साच्यातून निघालेली मूर्ती पॉलिश पेपरने घासायची, रंगाचा हात द्यायचा, मुकुटावर आणि सोंडेवर खडे चिकटवायचे, ही कामं मोठ्या प्रमाणावर बायकांच्या हातून होतात. पेण शहरात आणि आसपास पोह्याचे पापड, मिरगुंडं, कुरडया करणाऱ्या बायका आहेत. रोह्याला कुंडलिकेच्या काठी धाटावची एमआयडीसी आहे. तिथल्या रसायनांच्या कारखान्यांत बायका प्रयोगशाळेत असतात तशा पॅकिंगला, कॅन्टीनला आणि साफसफाईलाही असतात, आणि अशा अनेकींची हजेरी ठेकेदाराच्या वहीत लागते. दोन्ही तालुक्यांच्या वाड्यांवरून कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. दिवा-रोहा गाडीला नर्स, शिक्षिका, बँकेतल्या बायका उभ्याने प्रवास करतात. गावात आशाताई दारोदार फिरतात, अंगणवाडीताई पोरांची वजनं घेतात.

कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य आणि सगळ्यांना सामावून घेणारं कामाचं वातावरण, यावर हल्ली मोठ्या पदांवरच्या स्त्रिया उघडपणे बोलू लागल्या आहेत. दीपिका पदुकोणने 2015 साली आपल्या नैराश्याबद्दल जाहीरपणे सांगितलं तेव्हा तिच्याकडे यश होतं, पैसा होता, डॉक्टर होते, आणि तरीही ते सांगायला धैर्य लागलं. त्या बोलण्याने अनेक घरांत हा विषय पहिल्यांदा निघाला. पण हमरापूरच्या पत्र्याच्या शेडपर्यंत हा विषय न्यायचा असेल तर बाईच्या मनाआधी तिच्या कामाकडे पाहावं लागतं. काम कोण ठरवतं, किती वेळात मागतं, पैसे कधी देतं, नाही म्हणायची सोय आहे का, आणि तक्रार कुणाकडे करायची.

हा केवळ माझा आग्रह नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट करासेक यांनी 1979 साली मांडलेला एक साधा विचार आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. माणूस नुसत्या जास्त कामाने खचत नाही, असं त्यांनी दाखवलं. कामाचा रेटा मोठा आणि त्या कामावर स्वतःचा ताबा मात्र कमी, ही जोडी माणसाला खचवते. मोठा रेटा असलेला पण आपला दिवस आपण आखू शकणारा अधिकारी थकतो आणि सावरतो. तेवढाच रेटा असलेली, पण लघवीला कधी जायचं हेही मुकादमाला विचारावं लागणारी बाई आतून झिजत जाते. पुढच्या संशोधकांनी यात आणखी एक गोष्ट मिळवली: वरिष्ठ आणि सोबती यांचा आधार असेल तर हाच ताण सोसवतो, नसेल तर आणखी वाढतो.

आता हे पेणच्या कामाला लावून पाहा. पापडाचा मोबदला नगावर किंवा किलोवर ठरतो. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांतच हात चालतो, आणि एप्रिलात आभाळ भरून आलं की वाळत घातलेला माल आणि दिवस दोन्ही हातचे जातात. मूर्तीच्या कामाला चतुर्थीची तारीख आहे, ती कुणासाठी पुढे ढकलली जात नाही. त्यात गेल्या काही वर्षांत कायद्याची अनिश्चितता आली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं, आणि जूनमध्ये मूर्ती घडवायला परवानगी देऊन नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनावर बंधन ठेवलं. नद्या आणि खाड्या वाचल्या पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पण या पाच वर्षांत कारखानदाराची रात्रीची झोप गेली, तशी त्याच्या शेडमध्ये घासकाम करणाऱ्या बाईचीही गेली. फरक एवढाच, की त्याला न्यायालयात म्हणणं मांडता आलं. तिला पुढच्या आठवड्यात काम आहे की नाही, हे शेडच्या दारात गेल्यावर कळत होतं.

ती घरी येते तेव्हा दुसरी पाळी सुरू होते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवतात, असं दिसलं. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी 97 मिनिटं होती. म्हणजे बाईचे जवळपास पाच तास. विश्रांतीची जागा हे तास खाऊन टाकतात.

याचा परिणाम मनावर होतो, पण बोलतं शरीर. डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, हातापायांना मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बाई दवाखान्यात हे सांगते. तिला ताकदीचं इंजेक्शन मिळतं, कधी सलाईन लागतं, आणि ती पुन्हा कामावर जाते. झोप, भूक आणि रस या तिन्ही गोष्टी दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवल्या असतील तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत, हे तिला कुणी सांगत नाही. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. नैराश्य आणि चिंता यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या आजारांत उपचाराविना राहिलेल्यांचं प्रमाण सुमारे 85 टक्के होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, की या दोन आजारांमुळे जगात दरवर्षी 12 अब्ज कामाचे दिवस वाया जातात. हा आकडा कारखानदारांना पटवायला उपयोगी पडतो म्हणून सांगितला. माझ्या लेखी त्या बाईची पहाटे तीनची जाग पुरेशी आहे.

ताबा नसणं कुठवर जाऊ शकतं, हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिलं. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण भयंकर असल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13 हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीमुळे खाडा पडला की दंड, उचल फिटलेली नसताना काम सोडायची सोय नाही, फडात आडोसा नाही, आणि डॉक्टरने घातलेली कर्करोगाची भीती. चारी बाजूंनी कोंडलेल्या बाईने शस्त्रक्रियेचा मार्ग धरला. ही गोष्ट आरोग्य खात्याची वाटते, पण तिच्या मुळाशी कामाची रचना आहे आणि त्या रचनेने मनात पेरलेली भीती आहे.

पेण, रोहा, सुधागडच्या कातकऱ्यांना ही रचना ओळखीची आहे. सणाला किंवा आजारपणाला घेतलेली उचल भट्टीवर फेडायची, हिशेब मालकाच्या वहीत राहणार, आणि जोडी म्हणून कामावर लावलं असल्यामुळे बाईची वेगळी मजुरी तिच्या हातात पडतच नाही. वेठबिगारीला 1976 च्या कायद्याने बंदी आहे. रायगडात हा विषय ज्यांनी धसास लावला त्यांत बायकांची नावं ठळक आहेत. सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन, आदिवासी बायकांसोबत वर्षानुवर्षं काम केलेल्या सुरेखा दळवी, पेणच्या अंकुर ट्रस्टच्या वैशाली पाटील. यांच्या कामाला कुणी मानसिक आरोग्याचं काम म्हटलं नाही. मी म्हणेन. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या दळीच्या (वन) जमिनीचा कागद हातात आलेली किंवा भट्टीमालकाकडे हिशेब मागू शकणारी बाई शांत झोपते, आणि त्या झोपेला औषधाइतकीच किंमत आहे. महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) विरोधात 2008 च्या 21 सप्टेंबरला पेण तालुक्यात हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत जनमत घेतलं गेलं, तेव्हा जमीन जाण्याची धास्ती घेतलेल्या बायका घराबाहेर पडून मतदानाच्या रांगेत उभ्या होत्या. ज्या गोष्टीने जीव घाबरा होतो तिच्याबद्दल आपलं मत मोजलं जाणं, करासेक ज्याला ताबा म्हणतात तो हाच.

पेणला आणखी एक जखम आहे. पेण अर्बन बँकेवर 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि लाखाहून अधिक ठेवीदारांचे पैसे अडकले. हातावर पोट असलेल्या घरात मुलीच्या लग्नाची किंवा म्हातारपणाची पुंजी बुडणं हा धक्का एका दिवसाचा नसतो. तालुक्यात बचत गटाच्या बायकांशी पैशाबद्दल किंवा मनाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवायला हवा.

धाटावच्या गेटवर प्रश्न थोडे निराळे होतात. रसायनांच्या कारखान्यात अपघाताची भीती घरादाराला असते. रोहा तालुक्यातल्या नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात 1990 च्या नोव्हेंबरात झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसं गेली. 2024 च्या सप्टेंबरात धाटावच्या एका कारखान्यात स्फोट होऊन तीन कामगार दगावले. अशा दिवशी कंपन्या यंत्रांची तपासणी करतात. शेजारच्या खात्यात काम करणाऱ्या, आवाज ऐकलेल्या, दुसऱ्या दिवशी त्याच गेटातून आत शिरलेल्या माणसांच्या मनाची विचारपूस करायलाही कुणी नेमलेलं असलं पाहिजे. त्यात ठेकेदाराची माणसं धरलेली असली पाहिजेत.

दुसरा प्रश्न रात्रपाळीचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार बाईच्या संमतीने तिला रात्री कामावर बोलावता येतं, आणि तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची आहे. कामाची संधी वाढली हे खरंच चांगलं आहे. पण ठेकेदाराच्या हजेरीवरची बाई नाही म्हणू शकते का? नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तिचं नाव वहीत राहतं का? आणि पहाटे सुटल्यावर कोलाड किंवा चणेऱ्याच्या बाजूच्या गावात तिला कोण सोडतं? संमती या शब्दाचा अर्थ या तीन उत्तरांवर ठरेल.

तिसरा प्रश्न छळाचा, आणि इथे कायदा बराच पुढे आहे, फक्त तो माहीत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा उगम शहरातल्या कार्यालयात झालेला नाही. राजस्थानातल्या भंवरी देवी सरकारी योजनेत गावपातळीवर काम करणाऱ्या साथिन होत्या, आपल्याकडच्या आशाताईंच्या जवळच्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि 2013 मध्ये कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. म्हणजे सहा बायकांची हमरापूरची शेड, पापड करणारं घर, आणि घरकाम करणारी बाई, सगळी यात येतात. तक्रारीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला, खेटे घालायला लागू नयेत म्हणून प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. समितीत तालुक्यात काम करणाऱ्या बायकांपैकी एक सदस्य असते, आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास वर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातली एक बाई असावी असंही कायदा सांगतो. सामावून घेणं म्हणजे नेमकं काय, हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या कायद्यांत लिहिलेलं आहे.

याच कायद्याचं पंधरावं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. भरपाई ठरवताना बाईला झालेला मानसिक आघात, वेदना आणि भावनिक क्लेश विचारात घ्यायचे, असं त्यात म्हटलं आहे. मनाला झालेली इजा ही इजाच आहे, हे कायद्याने लेखी मान्य केलं. तक्रारीची चौकशी चालू असताना बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा बदली मागता येते. गोव्याच्या एका खटल्यात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्या ढिल्या अंमलबजावणीबद्दल सरकारांना फटकारलं, आणि 2024 च्या डिसेंबरात स्थानिक समित्या नेमण्यासाठी मुदत घालून दिली. ज्या खात्याकडे हा विषय आहे ते महाराष्ट्राचं महिला व बालविकास खातं 2023 पासून रोह्याच्या अदिती तटकरे यांच्याकडे आहे. रायगड जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी आधी सांभाळलेलं आहे, त्यामुळे वाड्या-पाड्यांपर्यंतची यंत्रणा त्यांना परिचयाची आहे. तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचं नाव प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणं, याची सुरुवात रोह्यापासून व्हावी अशी अपेक्षा रास्त आहे.

सामावून घेण्याची दुसरी बाजू आजार झालेल्या माणसाची आहे. पुण्याच्या भार्गवी दावर यांनी आयुष्यभर हीच बाजू लावून धरली. त्यांच्या आईने मनोरुग्णालयांचे अनुभव सोसले होते. आईच्याच नावाने त्यांनी बापू ट्रस्ट उभा केला आणि पुण्याच्या वस्त्यांमध्ये मानसिक आरोग्य आणि समावेशनाचं काम चालवलं. 2024 मध्ये त्या गेल्या. त्यांचा मुद्दा असा, की मानसिक त्रास असलेल्या माणसाला बरं होईपर्यंत बाहेर ठेवायचं नसतं, त्याला आत घेऊन त्याच्याभोवतीची व्यवस्था बदलायची असते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करावं असं त्यात आहे. व्यवहारात हे फार अवघड नसतं. गोळीमुळे सकाळी झापड येणाऱ्या बाईला दुसऱ्या पाळीत घेणं, बाळंतपणानंतर उदास झालेल्या बाईला महिनाभर हलकं काम देणं, ठाण्याच्या मनोरुग्णालयातून तपासणी करून आलेल्या माणसाच्या हजेरीवर शेरा न मारणं. पण गावात एकदा "वेडी" म्हटलेल्या बाईला कामावर परत घेण्यासाठी कुणीतरी वजनदार बाईने शब्द टाकावा लागतो, आणि पुढारीपणाची खरी गरज तिथे लागते.

बाईच्या मनावरचा एक भार घरातूनही येतो. नवऱ्याची दारू हा विषय बायकांच्या कुठल्याही बैठकीत पाच मिनिटांत निघतो. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोलाही उपचाराचा भाग मानलं. तिथला सहचरी गट याचसाठी आहे. कारखान्यांनी आपल्या कामगारांना वेळीच उपचाराला पाठवलं तर नोकरीही टिकते आणि घरही.

राहतो तो प्रश्न: ऐकणार कोण? दोन्ही तालुक्यांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ लवकर येणार नाहीत. याचं उत्तर आपल्या शेजारी गोव्यात सापडलं आहे. तिथल्या संगाथ संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं. सरकारी केंद्रांत आलेल्या नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. नंतर त्यांनी सहा ते आठ भेटींची एक पद्धत बसवली. उदास माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, म्हणून आणखी उदास होतो. त्याने आज करता येईल अशी एक छोटी, आवडीची किंवा उपयोगाची गोष्ट ठरवायची, करायची, आणि पुढच्या भेटीत ती कशी झाली ते सांगायचं. झिंबाब्वेच्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने 2006 मध्ये चौदा आज्यांना शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर बसवलं. आजी ऐकते, अडचणींतली एक निवडायला सांगते, आणि तिच्यावर दोघी मिळून उपाय शोधतात. 2016 च्या चाचणीत या पद्धतीचा गुण दिसून आला.

पेण-रोह्यात हे काम बचत गटांतल्या आणि ग्रामसंघांतल्या अनुभवी बायका करू शकतील, अशी माझी खात्री आहे. कर्जाचा हप्ता थकला की गटाच्या अध्यक्षा घरी जातात, आणि हप्त्यामागचं दुखणं त्यांनाच आधी कळतं. त्यांना शिकवणं लागेल, आणि गुप्तता पाळण्याची शिस्त लागेल, कारण गावात एका ओसरीवरचं बोलणं संध्याकाळपर्यंत दुसरीवर पोचतं. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हटलं तर ते हसण्यावारी न नेता त्याच क्षणी पुढे कुणाकडे न्यायचं, हे पाठ असावं लागेल. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक 2022 च्या ऑक्टोबरपासून चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. मात्र हे काम आशाताईंच्या यादीत आणखी एक नोंदवही म्हणून ढकलू नये. मानधनासाठी ज्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावं लागतं त्यांच्याच खांद्यावर गावाच्या मनाचा भार फुकट टाकणं अन्यायाचं होईल. सरपंच बाईचाही विचार व्हावा. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. त्या खुर्चीवर बसलेल्या अनेकींना सहीपुरतं वागवलं जातं, अविश्वास ठरावाची टांगती तलवार असते, आणि हे बोलायला त्यांना बरोबरीची माणसं मिळत नाहीत. तालुक्यातल्या महिला सरपंचांनी महिन्यातून एकदा, फोटोशिवाय, एकत्र बसावं.

जागा आणि पैसा यांची तरतूद आधीच आहे. महाराष्ट्रात प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, आणि ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. त्या सभेत चार ठराव मांडता येतात: गावातल्या शेडमध्ये आणि भट्टीवर बायकांसाठी स्वच्छतागृह, उचलीचा हिशेब बाईच्या नावे लेखी, समन्वय अधिकाऱ्याचं नाव आणि 14416 हा आकडा फलकावर, आणि आठवड्यातली एक दुपार समाजमंदिरात ऐकायला बसणाऱ्या दोन बायकांचं मानधन त्या दहा टक्क्यांतून.